पडद्यावरची गाडी कोणती आणि किती मोलाची?

टीव्हीवर जुना हिंदी चित्रपट लागलेला असतो. बंगल्याच्या फाटकातून एक लांबलचक गाडी आत येते, नोकर धावत जाऊन दार उघडतो आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ''बघ, इम्पाला!'' वनस्पती तूप म्हणजे डालडा, तशी पडद्यावरची प्रत्येक मोठी परदेशी गाडी म्हणजे इम्पाला, असं आपण केव्हाच ठरवून टाकलं आहे. प्रत्यक्षात ती कधी डॉज असते, कधी प्लिमथ, कधी ब्यूक, आणि शेवरोले असलीच तरी इम्पाला असेलच असं नाही.

चित्रपटातल्या गाड्या नेमक्या ओळखायचा नाद असलेली माणसं जगभर आहेत. नायिकेच्या साडीकडे किंवा खलनायकाच्या पिस्तुलाकडे त्यांचं लक्ष नसतं. त्यांना दोन प्रश्न पडतात. पहिला, ही गाडी कोणती, कुठल्या साली बनलेली? दुसरा, या चित्रपटात तिचं काम किती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ओळख आणि दुसऱ्याचं म्हणजे प्रतवारी. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. पण त्यातून आपल्या शहरांचा आणि आपल्या काळाचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

पाठमोरी गाडी खरं बोलते

सुरुवात इम्पालापासूनच करू. शेवरोले कंपनीनं हे नाव पहिल्यांदा १९५८ च्या मॉडेलला दिलं. त्याच कंपनीच्या बेल एअर आणि बिस्केन या गाड्या किमतीनं कमी, पण अंगानं सख्ख्या बहिणी. समोरून किंवा बाजूनं पाहिलं तर भलेभले फसतात. गाडी पाठमोरी झाली की मात्र वाद मिटतो. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या इम्पालाला मागे प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे असतात, दोघी बहिणींना साधारणपणे दोन-दोन. १९५९ सालची गाडी याला अपवाद. तिला गोल दिवे नाहीतच. मांजराच्या डोळ्यांसारखे लांबट, तिरपे दिवे आणि त्यांच्यावर दोन्हीकडे पसरलेले पंख. म्हणजे गाडी वळताना तिची पाठ सेकंदभर दिसली, तरी नाव कळतं आणि साल कुठलं असावं याचाही अंदाज येतो.

जाणकारांची पाहण्याची रीत ठरलेली असते. आधी अंगकाठी, म्हणजे गाडीची एकूण ठेवण. मग तोंडवळा, म्हणजे पुढची जाळी, दिवे आणि बंपर. मग पाठ. त्यानंतर दरवाजे, ते किती आहेत आणि कुठल्या बाजूला उघडतात. शेवटी आरसे, चाकांच्या टोप्या, बाजूची चकचकीत पट्टी अशा बारीकसारीक गोष्टी. वैद्य आधी रोग्याची चाल पाहतो आणि मग नाडी धरतो, तसाच हा प्रकार.

जीपचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या पुढच्या पत्र्याला नऊ उभ्या खाचा असायच्या. युद्ध संपल्यावर नागरिकांसाठी जी जीप निघाली, तिला सात खाचा. पुढे १९५३ मध्ये 'सीजे-३बी' हे उंच बॉनेटचं मॉडेल अमेरिकेत आलं. आपल्याकडे महिंद्र कंपनीनं ते घेतलं आणि वर्षानुवर्षं बनवलं. तेव्हा १९४२ ची कथा सांगणाऱ्या चित्रपटात गोरा कॅप्टन उंच बॉनेटच्या जीपमधून उतरला, तर खुशाल समजावं की कॅप्टन वेळेवर आला, पण जीप अकरा वर्षं आधीच येऊन पोहोचली!

डुक्कर ते पद्मिनी

परदेशी गाड्या ओळखायला पुस्तकं मिळतात. आपल्या गाड्या ओळखायला मात्र आपलीच माणसं लागतात. याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे मुंबईची फियाट.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी जोडी जमली. १९५४ च्या सुमारास आलेली गोलमटोल फियाट ११०० मुंबईकरांनी पाहिली आणि लगेच तिचं बारसं करून टाकलं, 'डुक्कर फियाट'. कंपनीच्या कुठल्याही कागदावर हे नाव सापडणार नाही. पण गाडीची ठेवण आणि पुढे आलेलं नाकाड आठवा, म्हणजे नाव किती अचूक आहे ते पटेल. गोल पाठ, नाकाड पुढे आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. पडद्यावर अशी गाडी दिसली की ती डुक्कर.

त्यानंतर 'एलिगंट' आणि 'सिलेक्ट' आल्या. त्यांच्या पाठीवर त्या काळच्या फॅशनप्रमाणे छोटे पंख फुटले होते. १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची 'डिलाइट' आली. हाच बांधा पुढे जवळपास पस्तीस वर्षं टिकला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती 'प्रीमिअर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमिअर पद्मिनी'. अंगकाठी तीच. जाळी, दिवे, बिल्ले असं काहीबाही बदलत गेलं. म्हणून १९६८ च्या चित्रपटातल्या टॅक्सीला 'पद्मिनी' म्हणणं चूक आहे. ते नाव तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं. आणि १९८५ च्या चित्रपटातल्या गाडीला सगळी मुंबई 'फियाट' म्हणत असली, तरी तिच्यावरचं नाव प्रीमिअरचं होतं.

ॲम्बॅसॅडरची गोष्टही अशीच. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सनं १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत ती बनवली. लोक म्हणतात, ''ॲम्बॅसॅडर कधी बदललीच नाही.'' ओळखणारा हसतो. आधीच्या 'लँडमास्टर'ची पाठ गोल होती, ॲम्बॅसॅडरला मागे छोटे कंगोरे आले. साठच्या दशकात 'मार्क टू' आली तेव्हा जाळी चौकटीचौकटीची झाली, १९७५ मध्ये 'मार्क थ्री' आणि १९७९ मध्ये 'मार्क फोर' आली तेव्हा तोंडवळा पुन्हा बदलला. पन्नास वर्षांचा हा काळ त्या एका जाळीवर वाचता येतो, फक्त ती वाचता यायला हवी.

'याच्या आधी नाही'

इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडी पाहून चित्रपटाचं साल ठरवताना ती एवढंच सांगू शकते, की हे चित्रण 'याच्या आधीचं नाही'. 'याच्या नंतरचं नाही' असं गाडी कधीच सांगत नाही. आणि आपल्या देशात तर नाहीच नाही. आयातीवर निर्बंध होते, नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि एकदा घेतलेली गाडी मुलाच्या लग्नापर्यंत चालवायची हा रिवाज होता. त्यामुळे पंचाहत्तर सालच्या चित्रपटात पन्नासच्या दशकातली डुक्कर फियाट रस्त्यावरून निवांत जाताना दिसली, तर त्यात नवल काही नाही. पण रस्त्यात एखादी मारुती ८०० दिसली, तर ते चित्रण डिसेंबर १९८३ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण त्याआधी ती गाडी रस्त्यावर नव्हती. आणि मारुती गोलसर बांध्याची असेल, तर १९८६ च्या अलीकडचं, कारण पहिली मारुती खोक्यासारखी होती.

नंबरप्लेट हा दुसरा साक्षीदार. १९८९ च्या मध्यापासून आजची पद्धत सुरू झाली. आधी राज्याची दोन अक्षरं, मग आरटीओचा आकडा. एमएच-०१ म्हणजे ताडदेव, एमएच-०४ म्हणजे ठाणे, एमएच-१२ म्हणजे पुणे. त्यापूर्वी तीन रोमन अक्षरं आणि पुढे नंबर असे. पहिल्या दोन अक्षरांवरून राज्य कळायचं. 'शोले' (१९७५) मधली साइडकारची मोटरसायकल सगळ्यांना आठवते. ती बीएसए बनावटीची, युद्धकाळातली गाडी. तिच्या नंबरप्लेटवर अक्षरं आहेत 'एमवायबी'. एमवाय म्हणजे म्हैसूर. कथेतलं रामगढ कुठे का असेना, चित्रीकरण कर्नाटकात रामनगरच्या खडकांत झालं, हे त्या पत्र्याच्या तुकड्यानं कायमचं लिहून ठेवलं आहे.

अर्थात साक्षीदार खोटंही बोलतात. चित्रपटवाले खोट्या प्लेट लावतात. एकच नंबर दोन वेगळ्या गाड्यांवर दिसतो. जुन्या चित्रपटांत नायक स्टुडिओत उभ्या केलेल्या गाडीत बसून चाक फिरवतो आणि मागच्या पडद्यावर आधी टिपलेला रस्ता पळत असतो. त्या रस्त्यावरच्या गाड्या भलत्याच वेळच्या, कधी भलत्याच शहरातल्या असतात. काही वेळा चित्र उलटं छापलेलं असतं, तेव्हा नंबरप्लेटवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. आणि घाटातून गाडी दरीत कोसळण्याचा प्रसंग आला, की वर वळण घेणारी नवी कोरी गाडी आणि खाली गडगडणारी गाडी या पुष्कळदा वेगळ्या असतात. भंगारातली स्वस्त गाडी तसाच रंग मारून ढकलून देतात. निर्मात्याचा खिसा शेवटी निर्मात्यालाच ठाऊक!

कधी गाडीचं सोंगच इतकं बेमालूम असतं, की आतला माणूस ओळखू येत नाही. 'टारझन: द वंडर कार' (२००४) मधली जांभळी गाडी दिलीप छाब्रिया यांच्या कार्यशाळेत घडली. बाहेरून सगळं नवं, पण मूळ गाडी टोयोटाची 'एमआर-टू'. अशा वेळी जाणकार बाहेरचा पत्रा सोडून देतो आणि चाकांमधलं अंतर, काचेचा उतार, इंजिनाची जागा यांच्याकडे वळतो.

ओळख किती मोलाची ठरू शकते, याचं उत्तर अमेरिकेत मिळतं. 'बुलिट' (१९६८) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून हिरवी फोर्ड मस्टँग पिटाळतो, समोर खलनायकांची काळी डॉज चार्जर. या पाठलागासाठी दोन मस्टँग वापरल्या होत्या. त्यातली एक १९७४ पासून एकाच कुटुंबाच्या ताब्यात राहिली. चॅसिसवरचा नंबर आणि इतर खुणा जुळल्या, ती खरी ठरली आणि जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. म्हणजे त्या वेळच्या दरानं सव्वीस कोटी रुपयांच्या आसपास. त्याच सालच्या, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या मस्टँगला याच्या पासंगालाही पुरेल एवढी किंमत मिळत नाही. फरक फक्त ओळखीचा.

पाच तारे कोणाला?

आता दुसरा प्रश्न, प्रतवारीचा. इथे पुष्कळांची गल्लत होते. महागडी गाडी म्हणजे जास्त तारे, असं नाही. हॉटेलला तारे मिळतात ते थाटमाटाबद्दल, पडद्यावरच्या गाडीला मिळतात ते कामाबद्दल. हौशी मंडळींनी साधारण पाच पायऱ्या मानल्या आहेत. नुसती रस्त्यावरून गेली किंवा कडेला उभी होती, तर एक तारा. एखाद्या प्रसंगात थोडं काम केलं, तर दोन. एखाद्या पात्रानं चालवली किंवा पाठलागात धावली, तर तीन. मुख्य पात्राची गाडी म्हणून बराच वेळ दिसली, तर चार. आणि गाडीवाचून चित्रपटच उभा राहत नसेल, तर पाच.

या मापानं पाहू लागलं, की बड्या घरच्या पुष्कळ गाड्या खाली येतात. बंगल्यासमोर उभी राहून मालकाची श्रीमंती सांगणारी परदेशी गाडी दोन ताऱ्यांची धनीण. उलट सत्यजित राय यांच्या 'अभिजान' (१९६२) मधली नरसिंगची जुनी क्रायस्लर टॅक्सी निदान चार ताऱ्यांची, कारण त्या माणसाचा सगळा ताठा त्या गाडीत आहे. मिलन लुथ्रियांच्या 'टॅक्सी नं. ९२११' (२००६) मध्ये नाना पाटेकरांची टॅक्सी नावातच येऊन बसली आहे. आणि नागराज मंजुळेंच्या 'सैराट' (२०१६) मध्ये आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. ही वाहनं पडद्यावर फार वेळ नाहीत. घड्याळ लावून मोजलं तर तीन तारे. पण ही मुलगी कोण आहे आणि गावात तिच्या घराचा वट काय आहे, हे दहा संवादांत सांगता आलं नसतं ते त्या ट्रॅक्टरनं सांगून टाकलं. म्हणून प्रतवारी करताना नुसतं घड्याळ चालत नाही.

'चलती का नाम गाडी' (१९५८) घ्या. तीन भावांचं गॅरेज आणि त्यांची खटारा गाडी, म्हणजे पाच तारे ठरलेले. पण पावसात बंद पडलेली, मधुबाला ज्या गाडीतून येते त्या गाडीला किती द्यायचे? दिसते थोडी. मात्र ती बंद पडली नसती, तर नायक-नायिकेची भेट नाही आणि भेट नाही तर गोष्ट नाही. कोणी तीन देईल, कोणी चार. असा वाद घालण्यातच या नादाची खरी गंमत आहे.

आणि कधी गाडी नसतानाही गाडीचं काम होतं! 'जाने भी दो यारो' (१९८३) मध्ये झिंगलेला ओम पुरी डिमेलोच्या शवपेटीलाच मोटार समजतो आणि आतल्या मयताशी गप्पा मारत मदतीला धावतो. ओळख साफ चुकली, पण प्रसंग अजरामर झाला. या 'मोटारी'ला तारे किती, हे मी वाचकांवर सोपवतो.

पाच ताऱ्यांचा मानबिंदू म्हणाल तर ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक' (१९५८). बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि 'जगद्दल' नावाची त्याची मोडकी शेवरोले. तो तिच्याशी बोलतो, रागावतो, तिला जपतो. लोक त्याला वेडा म्हणतात. शेवटी गाडी थकते, भंगारात निघते आणि तिचा सुटा झालेला भोंगा एका लहानग्या पोराच्या हातात वाजत राहतो. गाडी नावाच्या वस्तूचं माणसाशी काय नातं असतं, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितलं असेल.

एका ताऱ्याची श्रीमंती

पण माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं मोल पाच ताऱ्यांच्या गाड्यांत नाही, एका ताऱ्याच्या गाड्यांत आहे.

'बुलिट'मध्येच पाहा. त्या पाठलागात एक हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा वाटेत येते, कारण तोच प्रसंग वेगवेगळ्या बाजूंनी टिपून एकामागोमाग जोडला आहे. आणि चार चाकांच्या चार्जरच्या चारपेक्षा जास्त चाकटोप्या उडतात! हे कोणाच्या लक्षात आलं? बिनमहत्त्वाच्या गाड्यांकडे निरखून पाहणाऱ्यांच्याच. मागच्या गर्दीकडे पाहिलं, की चित्रपट कसा बनला हे उलगडतं. आणि शहर कसं होतं, हेही.

मुझफ्फर अली यांच्या 'गमन' (१९७८) मध्ये उत्तर प्रदेशातून आलेला फारूख शेख मुंबईत टॅक्सी चालवतो. त्याच्या टॅक्सीला चार तारे द्या. पण त्याच्या आजूबाजूनं जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी, बेस्टच्या बस, मालमोटारी, हातगाड्या यांना कोणी नटवून आणलेलं नव्हतं. त्या आपापल्या कामाला निघाल्या होत्या आणि सहज टिपल्या गेल्या. नायकाची गाडी निर्माता ठरवतो, मागची गाडी काळ ठरवतो. म्हणून इतिहासाच्या दृष्टीनं खरी साक्ष मागचीच.

आणि आता ही साक्ष फार महत्त्वाची झाली आहे, कारण मूळ गाड्या उरलेल्या नाहीत. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. ती ऑक्टोबर २०२३ अखेर संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. ज्या गाडीनं दोन पिढ्यांना स्टेशनवर, इस्पितळात, लग्नघरी पोहोचवलं, तिच्यातल्या बहुतेक भंगारात गेल्या. जगद्दलसारख्याच. फरक इतकाच, की त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही. त्या दुसऱ्यांच्या चित्रपटांत मागून जात राहिल्या, तेवढ्याच उरल्या.

गाड्या गेल्या, त्यापाठोपाठ त्यांना ओळखणारी माणसंही चालली आहेत. डिलाइट आणि पद्मिनीतला फरक कुठल्या ग्रंथात शोधायचा? तो कुर्ल्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला ठाऊक आहे, चाळीस वर्षं टॅक्सी चालवलेल्या चाचांना ठाऊक आहे, हाताला ग्रीस लागलेल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना ठाऊक आहे. 'डुक्कर' कोणती आणि तिला डुक्कर का म्हणायचे, हे सांगणारा शेवटचा माणूस गेला, की पडद्यावर उरेल ती नुसती 'एक जुनी गाडी'. नाव हरवलेल्या फोटोतल्या पूर्वजासारखी.

तेव्हा एक साधी विनंती. घरात असं कोणी जाणतं माणूस असेल, तर जुना चित्रपट त्यांच्यासोबत बसून पाहा. रिमोट त्यांच्याच हातात द्या. गाणं लागलं तरी पुढे ढकलू नका, कारण रस्त्यावरच्या गाड्या पुष्कळदा गाण्यातच दिसतात. चित्र थांबवायचं, गाडीचं नाव विचारायचं, कशावरून ओळखली ते विचारायचं आणि एका वहीत लिहून ठेवायचं: चित्रपट, साल, प्रसंग, गाडी, खूण. तारे किती द्यायचे यावर भांडण झालं तर होऊ द्या. वही मात्र जपून ठेवा.